सरांची बुलेट आणि मुकी गाडी



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायचं असं ठरलंय. मी पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. सध्या माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडीच्या आवाजाचं काम आहे. म्हणजे जिला इंजिनच नाही, तिला आवाज द्यायचा! घरचे हसतात. पण या कामाचा पहिला धडा मी आपल्या शाळेतच शिकले.

विज्ञानाच्या सरांची बुलेट आठवते ना? शाळेच्या चढावर सरांनी गिअर बदलला की डुगडुग बदलायची, आणि मागच्या बाकावरून घोषणा व्हायची, "अजून दोन मिनिटं!" तेवढ्यात फळा पुसून आम्ही पुस्तकं उघडून बसायचो. एकदा मात्र सर पलीकडच्या उताराने आले, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून. त्या दिवशी अख्खा वर्ग बाकांवर उभा सापडला. पुढचं सांगत नाही, सर समोरच बसलेत.

आता स्पोर्ट्‌स कारकडे येते. शौकिनांमध्ये एक वाद कायम रंगतो: आवाज महत्त्वाचा की कामगिरी? दोन गाड्या घेऊ. लेक्ससची एलएफए ही दहा सिलिंडरची, ४.८ लिटर इंजिनाची गाडी. फक्त ५०० बनल्या. तिचा आवाज जुळवायला यामाहाची माणसं होती. इंजिन ९,००० फेऱ्यांवर इतक्या झपाट्याने चढायचं की काट्याला ते झेपेना, म्हणून डिजिटल मीटर बसवावा लागला. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला ३.७ सेकंद लागतात. ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही पाच माणसांची इलेक्ट्रिक गाडी तेच ३.४ सेकंदांत करते. घड्याळाच्या हिशेबाने ह्युंदाई जिंकली. पण त्याच गाडीत लटके आठ गिअर आणि स्पीकरमधून येणारा इंजिनाचा आवाज दिलाय, हवा तर चालू करायचा. जिंकलेल्याला हरलेल्याचा आवाज कशाला हवा?

मलाही हा पोरखेळ वाटायचा. मग एक दिवस चाचणीच्या ट्रॅकवर मी स्वतः गाडी चालवायला बसले. आवाज बंद होता. वळण आलं तेव्हा मला वाटलं, आपण साठने चाललोय. शेजारी बसलेले टेस्ट ड्रायव्हर ओरडले, "मॅडम, ब्रेक!" मीटरवर ९२ होते. गाडी कशीबशी वळली. हातपाय बराच वेळ थरथरत होते. इतकी वर्षं वेग मी डोळ्यांइतकाच कानांनीही मोजत होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर आमच्या टीमने तीन महिने खपून एक झकास आवाज तयार केला. पेडल दाबलं की गर्जना. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेच टेस्ट ड्रायव्हर दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, "मॅडम, गाडी खोटं बोलतेय." बरोबर होतं त्यांचं. आवाज पायाच्या दाबावर चढत होता. गाडी मात्र त्या क्षणी तेवढं जोर लावतच नव्हती. बॅटरी तापली की मोटरची ताकद कमी होते, पण आमची गर्जना तशीच. असा आवाज शांततेपेक्षाही धोक्याचा. ते काम मी बाजूला ठेवायला लावलं. टीम आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हती. आता आमचा आवाज मोटरच्या खऱ्या जोरावर आणि चाकांच्या खऱ्या वेगावर चालतो. पूर्वीइतका रुबाबदार नाही, पण खरं बोलतो.

म्हणून त्या वादात माझं मत असं: कामगिरी आधी, यात शंका नाही. पण ती ड्रायव्हरच्या हाती लागायची तर गाडीने त्याला काहीतरी सांगायला हवं. आवाज गोड नसला तरी चालेल, खरा हवा.

जाता जाता एक तक्रार. सर, आज सकाळी तुम्ही इलेक्ट्रिक स्कूटरवरून आलात. आम्ही फाटकापाशी तुमचीच नक्कल करत उभे होतो. तीस वर्षांनी पुन्हा सापडलो. त्या स्कूटरला बुलेटचा आवाज बसवून द्यायची माझी तयारी आहे.