अटॅक, रेड आणि कॉम्पिटिशन

मंगरूळपीरच्या बाजारात सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी सहज म्हणतो, ‘यंदा अळीचा अटॅक लय होता.’ अटॅक म्हणजे हल्ला. पण माणसाला ‘अटॅक आला’ म्हटलं, की हृदयविकाराचा झटकाच समजायचा.

कबड्डीच्या मैदानावर तर असे इंग्रजी शब्द पावलोपावली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाईला ‘रेड’, पकडीला ‘टॅकल’ म्हणणं पोरांच्या तोंडी बसलं. तिथं लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसरी ‘डू ऑर डाय’: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर ‘सुपर टॅकल’, एक गुण जादा. मैदानाबाहेर मात्र ‘रेड पडली’ म्हणजे पोलिसांची धाड!

‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी. तो वैरी असेलच असं नाही. ‘अग्रेसिव्ह’ शब्द खेळाडूला शोभतो, शेजाऱ्याला लावला तर भांडखोर ठरतो. म्हणून भरतीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनो, स्वतःला ‘कॉम्पिटिटिव्ह’, म्हणजे स्पर्धेत टिकणारा, जरूर म्हणा. ‘अग्रेसिव्ह’ मात्र जपून वापरा.