न्हाणीघरातील चूल

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘गॅस गीझरची निगा’ असे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “अहो, हे काम दुरुस्तीवाल्याचे. आपण काही संस्कारांवर बोला.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार अभ्यासाने आलेला नाही, तो चुकीने आलेला आहे. तसा अधिकार आपल्यापैकी कोणालाही मिळू नये, म्हणून आज उभी राहिले आहे.

माझ्या माहेरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, तीत करवंट्या नि लाकडे पेटवायची, भोवती पाणी. आई त्याची राख नेमाने काढी, चिंच लावून तो लखलखीत घाशी आणि दिवाळीपूर्वी तोटी गळते का तेही पाही. ती कधी विसरली नाही, कारण बंबच विसरू देत नसे. नळी तुंबली की धूर थेट डोळ्यांत! बंब रागावून बोलत असे म्हणा ना.

आता बंबाच्या जागी गीझर आला. हे नाव आइसलँडमधील उकळत्या पाण्याच्या झऱ्यावरून पडले आहे. १८६८ साली लंडनमधील बेंजामिन मॉघन नावाच्या, व्यवसायाने रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने गॅसवर झटपट पाणी तापविणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. गंमत अशी, की त्या यंत्रात जळालेला वायू बाहेर नेण्याची नळीच नव्हती! आपल्या बंबाला होती. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपल्यापैकी अनेकींच्या न्हाणीघरात छोटा गीझर टांगलेला आहे, आणि त्यालाही धुराची नळी नाही.

आता माझी चूक सांगते. गेल्या जानेवारीत आमच्या नाशकात कडाक्याची थंडी होती. न्हाणीघराच्या वरच्या झरोक्यातून वारा येई. नातवाला आंघोळ घालताना तो कुडकुडे, म्हणून मी स्वतः स्टुलावर चढून झरोक्याच्या काचपट्ट्यांत पुठ्ठा बसविला, वर चिकटपट्टी लावली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. त्यानंतर सूनबाई अधूनमधून म्हणू लागली, “आई, न्हाऊन आले की डोके फार दुखते, मळमळतेही.” मी म्हटले, “पित्त झाले असेल. सुंठ उगाळून लाव.”

एका रविवारी ती केस धुवायला गेली. पाण्याचा आवाज चालू, पण हाकेला ओ नाही. मुलाने खांद्याने कडी तोडली. ती भिंतीशी टेकून बेशुद्ध पडली होती. तिला बाहेर गच्चीत आणले. शेजारच्या वहिनींनी धावत येऊन बोटाला प्राणवायू मोजण्याचे ते चिमट्यासारखे यंत्र लावले. आकडा अठ्ठ्याण्णव! आम्हाला वाटले, वाचलो. परंतु इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरी पाणी कशावर तापवता?” आणि लगेच नाकातोंडावर प्राणवायूची नळी लावली. त्यांनी सांगितले, या विषबाधेत ते यंत्र फसते. विषारी वायूने भरलेले रक्तही त्याला चांगलेच दिसते.

सूनबाई बरी झाली. त्या पुठ्ठ्याबद्दल तिने मला कधी शब्दाने दुखविले नाही. पण तो पुठ्ठा मी फेकलेला नाही. माळ्यावर ठेवला आहे, आठवण राहावी म्हणून.

हे कसे घडते? गीझर ही चूलच आहे, आणि चुलीला हवा लागते. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय सहा फूट न्हाणीघरात जेमतेम सात घनमीटर हवा मावते, आणि त्याच हवेत आपण श्वास घेत असतो. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, पण तो न जळलेल्या गॅसचा. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सारे ठीक’ हा समज मनातून काढून टाका. कोळशाच्या खाणींत हा वायू ओळखण्यासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने लहान प्राणी-पक्षी न्यावेत असे सुचविले. ब्रिटनमधील खाणींत पिवळे कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत सोबत असत. आपल्याकडे पक्षी नाही. तेव्हा डोकेदुखी हाच आपला पक्षी समजा.

आता निगा. शक्य असेल तर गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि पाणी नळाने आत न्यावे. आतच असेल तर आधी बादल्या भरून घ्याव्या, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे, आणि मगच आंघोळीला जावे. झरोका कधीही बुजवू नये. खाली दारापाशी एक आणि वर एक, अशा दोन वाटा हवेला हव्यात.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली, काजळी धरू लागली की त्या दिवसापासून गीझर बंद. पेटताना भप्पकन आवाज होत असेल, तर आधी आतले सेल बदलावेत. तरीही आवाज होत राहिला तर जाणकाराला बोलवावे. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, काडी पेटवून पाहू नये. रबरी नळीवरची तारीख वाचावी व पाच वर्षांनी ती बदलावी. वर्षातून एकदा कंपनीच्या माणसाकडून बर्नर झाडून घ्यावा आणि आतल्या तांब्याच्या पत्र्यांवरची काजळी काढून घ्यावी. तिथे काजळी साचली की वायूची वाट तुंबते. बोअरचे पाणी असेल तर नळीत क्षार बसतात, तेही त्याच वेळी काढून घ्यावेत. हे काम घरच्या घरी करू नये.

कोणी भोवळून पडलेच, तर प्रथम दार उघडावे, गीझर बंद करावा, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. डॉक्टरांना ‘गॅसचा गीझर चालू होता’ हे न विचारता सांगावे. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्या आणि बाहेर येऊन १९०६ वर कळवावे.

भगिनींनो, दिवाळी पंधरा दिवसांवर आली. आता आपण डबे घासू, जळमटे काढू. त्याच यादीत यंदा गीझर लिहा. पहिल्या अभ्यंगस्नानाआधी तो तपासून घ्या, आणि घरी गेल्यावर आजच न्हाणीघराचा झरोका एकदा मान वर करून पाहा. कोणाच्या घरात माझ्यासारखा पुठ्ठा असेल, तर तो आज रात्रीच काढा.