गड चढूया, नावंही वाचूया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



लोहगडाच्या सहलीचा ठराव मागच्या सभेत झाला. त्यानंतर गावोगाव फिरताना मला एकच प्रश्न ऐकू आला, "पोरी, डोंगर तर आम्ही रोजच चढतो. सरपणाला चढतो, गुरांमागं चढतो. मग पैसे घालून गडावर कशाला जायचं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पण काकू, रोज चढताना तुमच्या डोक्यावर मोळी असते. कोण थांबून इकडे तिकडे बघणार? या वेळी डोक्यावर काही नसेल. पाठीवर फक्त भाकरीची पिशवी.

आता जायचं कसं ते सांगते. सकाळच्या लोकलने मळवली स्टेशनला उतरायचं आणि चालत भाजे गावात जायचं. तिथं पायऱ्या चढून गेलं की भाजे लेणी लागतात. ही लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. दगडात एक वाजवणारी बाई आणि एक नाचणारी बाई कोरलेली आहे. ती नीट बघा.

लेणी बघून खाली आलं की गायमुख खिंडीची वाट धरायची. खिंडीत डाव्या हाताला विसापूर आणि उजव्या हाताला लोहगड. आपण उजवीकडे वळून लोहगडवाडीत जायचं. तिथून पायऱ्या आहेत आणि एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला. तिथल्या भुयारात भात आणि नाचणी साठवत असत. म्हणजे आपली कणगीच, फक्त मोठी. वर पाण्याची टाकी आहेत आणि नानांनी बांधलेलं सोळा कोनी तळं आहे. डोंगराची एक लांब सोंड पुढं गेलीय, तिला विंचूकाटा म्हणतात. तिथून पवना धरणाचं पाणी दिसतं, तुंग आणि तिकोनाही दिसतात.

हा गड १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली तो परत घेतला. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात लोहगड आहे. जग जिथं बघायला येतं, तिथं शेजारच्या बायांनी एकदाही जायचं नाही का?

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. याच मावळात, कामशेतच्या बाजूला बेडसे लेणी आहेत. तिथं पाण्याच्या टाक्यापाशी ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे. टाक्याचं दान सामडिनिका नावाच्या बाईनं दिलं, ती महाभोजाची मुलगी, महारठिनी, असं त्यात लिहिलंय. एकवीरा आईच्या देवळाशेजारीच कार्ला लेणी आहेत, तिथं तर तुम्ही सगळ्या जाता. तिथल्या चैत्याचे खांबही एकट्या कोणी दिलेले नाहीत. एकेका माणसानं एकेक खांब दिला आणि त्यावर आपलं नाव कोरलं. थोडं थोडं करून मोठं काम उभं करायचं, हे आपण गटात करतो तसंच.

सामडिनिका मोठ्या घरची होती, हे खरं. पण पाणी तिनं दिलं आणि नावही तिचंच लागलं. आपल्याकडे पाणी कोण भरतं? भात कोण लावतं? घराच्या भिंतीला गटाचं कर्ज कुणी काढलं आणि हप्ता कुणी फेडला? मग सातबारा काढून बघा. नमुना ८ काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का? मी ज्या ज्या घरी विचारते, तिथं ताई आधी हसतात, मग म्हणतात, "अगं, नवऱ्याचं ते माझंच की." असेलही. पण उद्या वाईट वेळ आली तर कागद बघतात. विधवा झालेल्या आपल्या ताईंना नाव लावायला किती फेऱ्या माराव्या लागतात, हे या सभेत अनेकींना माहीत आहे.

वाट आहे. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज दिला तर तो हयात असतानाच शेतीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज तलाठी भाऊसाहेबांकडे द्यायचा. घरासाठी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना ८ वर दोघांची नावं लावता येतात. यात कोणाशी भांडण करायचं नाही. घरात बसून, समजावून करायचं.

म्हणून माझी विनंती, सहलीला येताना भाकरी, चटणी, दोन बाटल्या पाणी आणि पायात घट्ट चप्पल किंवा बूट तर आणाच. सोबत सातबारा आणि नमुना ८ ची झेरॉक्सही आणा. गडावर जेवणं झाली की तिथंच बसून एकेकीचा कागद वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सीआरपी ताई वाचून दाखवतील. ज्यांचं नाव नाही, त्यांची यादी करू आणि पुढच्या महिन्यात अर्ज भरायला मी गावात येऊन बसेन.

बुधवारी जायचंय, कारण शनिवार-रविवारी गडावर फार गर्दी असते. भात झोडून झालंय, ऊनही सोसेल असं आहे. खर्च गटाच्या बचतीतून करायचा नाही, प्रत्येकीची वर्गणी ठरल्याप्रमाणे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भाजे लेण्यांपर्यंत यावं, तिथं सोबतीला दोघी थांबतील. संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळ्या खाली. प्लॅस्टिक वर टाकायचं नाही, पिशवीत घालून परत आणायचं.

आणि घरी कुणी विचारलं, "कशाला जाताय?" तर सांगा, नावं वाचायला जातोय.

जय जिजाऊ, जय सावित्री!