गुलामीचा वारसा आणि कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन समाज



मिश्रवंशीयांची अस्मिता रक्तात शोधण्याचा प्रघात आहे. कलकत्त्यात ती घडली गुलामांच्या बाजारात आणि सरकारी नोकरभरतीत.

सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि मग चाचे दक्षिण बंगालची गावे लुटून माणसे विकत. कंपनीच्या अमलातही हा व्यापार चालूच राहिला. शहरात गुलाम मूल नसलेले घर विरळाच, आणि मुलांनी भरलेल्या होड्या उघड विक्रीसाठी नदीतून येतात, असे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८५ साली ज्यूरीपुढे सांगितले. १७८९ च्या जाहीरनाम्याने गुलामांची निर्यात तेवढी थांबवली. घरगुती गुलामीचा कायदेशीर आधार १८४३ पर्यंत टिकला. या घरांतून आणि गोऱ्यांच्या एतद्देशीय सहचारिणींपासून जी संतती झाली, तिच्या बापाचे नाव दप्तरात आढळते, आईचे पुष्कळदा नाही.

त्या आईचीच शिक्षा मुलांना मिळाली. आईबापांपैकी एकजण एतद्देशीय असल्यास कंपनीच्या मुलकी, लष्करी व सागरी सेवेस मज्जाव, असा हुकूम १७९१ साली निघाला. याविरुद्धचा अर्ज घेऊन जॉन रिकेट्स विलायतेस गेले. १८३० मध्ये तो पार्लमेंटपुढे आला. गाऱ्हाणे न्याय्यच होते. पण दाद मागितली ती जेत्याकडेच.

हेन्री डिरोझिओ याच समाजातले, पोर्तुगीज वंशाचे. त्यांनी १८२७ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधी, गुलामाच्या मुक्ततेवर कविता लिहिली आणि पुढे हिंदुस्थानला मायभूमी म्हणून साद घातली. हिंदू कॉलेजातील सनातन्यांनी १८३१ च्या एप्रिलमध्ये त्यांना राजीनामा द्यायला लावला. डिसेंबरात बाविसाव्या वर्षी पटकीने ते गेले. वंशाची सबब त्यांनी कधी पुढे केली नाही, हे विशेष.

पुढे साम्राज्यशाहीने या समाजाला रेल्वे व तारखात्यात राखीव पायरी दिली: हिंदी कामगाराच्या वर, गोऱ्या साहेबाच्या खाली. १९११ च्या जनगणनेने ‘अँग्लो-इंडियन’ हे नावही अधिकृत केले. पायरीचा मोबदला निष्ठेत वसूल झाला, आणि १९४७ नंतर हजारोंनी ब्रिटन व ऑस्ट्रेलिया गाठले.

मागे राहिलेल्यांसाठी लोकसभेत नामनियुक्त जागा होत्या. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये त्या संपल्या. बो बॅरॅक्समधल्या भाडेकरूच्या गळक्या छताचा प्रश्न मात्र त्या जागा असतानाही शेजारच्या बंगाली, बिहारी मजुराच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता.