बौद्ध देशातील परका माणूस
(थायलंडचे शासन, तेथील दैनंदिन जीवन आणि आपण)

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





थायलंड हा देश आता आपल्याला दूरचा राहिलेला नाही. आपल्या कितीतरी विहारांत तेथून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. जानेवारी २०२३ मध्ये थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू बुद्धांच्या अस्थिधातूंसह आपल्या शेजारच्या परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे पायी निघाले, तेव्हा वाटेवरच्या गावांनी त्यांचे स्वागत केले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये, भारतातून भगवान बुद्धांचे आणि सारिपुत्त-मोग्गलान यांचे पवित्र अवशेष थायलंडला दर्शनासाठी नेण्यात आले. तेथे लाखो लोकांनी त्यांचे दर्शन घेतले. आपल्याकडचे लोकही वर्षभर पैसे साठवून सहलीने तिकडे जाऊ लागले आहेत.

सहलीहून परत आलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. "तिथे सरकारच बौद्ध आहे हो! आपल्याकडे असे सरकार असते तर आपले कल्याण झाले असते." आज मला या एकाच वाक्याचा विचार करायचा आहे. सात दिवसांच्या सहलीत देश दिसतो तो देवळे, बाजार आणि हॉटेल यांच्या रूपाने. तेथे पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी माणसाला तोच देश कायद्याच्या, कागदाच्या आणि रांगेच्या रूपाने भेटतो. देशाचे धोरण समजून घ्यायचे असेल तर या दुसऱ्या माणसाला विचारले पाहिजे.

आधी चांगले ते सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. थायलंडमध्ये विहाराला 'वाट' म्हणतात. सकाळी भिक्खू पिंडपातासाठी निघतात आणि लोक दारात अन्न घेऊन उभे राहतात. तेथील सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीच्या काळात एकदा भिक्खू होण्यासाठी १२० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मुस्लिम कर्मचाऱ्यालाही हज यात्रेसाठी तशीच रजेची सोय आहे. वैशाख पौर्णिमेसारख्या पाच बौद्ध सणांना दारूविक्रीला बंदी असते. २०२५ मध्ये विमानतळ, हॉटेल अशा ठिकाणी तिच्यात सूट देण्यात आली, पण नियम कायम राहिला. तेथील शासन बुद्ध संवत वापरते. इसवी सनात ५४३ मिळवले की थायलंडचे वर्ष निघते. २००१ मध्ये तेथे ३० बाटमध्ये दवाखान्यात उपचार देणारी योजना सुरू झाली आणि गरीब थाई माणसाच्या घरातले आजारपणाचे कर्ज कमी झाले. तेथे राहणारे परदेशी लोकही रोजच्या जीवनातील शांतपणा, मोठ्या आवाजात न बोलण्याची रीत, स्वच्छ बाजार आणि चांगले दवाखाने यांची वाखाणणी करतात. यातून आपण शिकावे असे पुष्कळ आहे.

आता दुसरी बाजू. या देशात परका माणूस कायम पाहुणाच असतो. ९० दिवसांपेक्षा अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो. तो कोणाच्या घरी उतरला तर घरमालकाने २४ तासांत तशी वर्दी द्यायची असते. त्याला जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतील एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच जागा परदेशी लोकांच्या मालकीची असू शकते. काम करायला व्हिसाखेरीज कामाचा वेगळा परवाना लागतो. काही कामे तर थाई माणसासाठीच राखून ठेवली आहेत. केस कापणे, पर्यटकांना वाट दाखवणे, थाई मसाज ही त्यातली काही. त्याच यादीत कारकुनाचे कामही आहे. म्हणजे मी येथे बँकेत जे काम करतो ते थायलंडमध्ये मला करता येणार नाही, मग मी रोज कितीही वेळा पंचशील म्हणत असलो तरी!

राजकारणाबद्दल बोलतानाही जपून बोलावे लागते. राजा, राणी किंवा युवराज यांची बदनामी केल्यास एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे आणि ती परदेशी माणसालाही लागू आहे. १९३२ मध्ये तेथील निरंकुश राजेशाही संपली, पण त्यानंतर लष्कराने वारंवार सत्ता घेतली. २००६ आणि २०१४ ही अलीकडची उदाहरणे. २०१७ चे संविधान हे त्या देशाचे विसावे संविधान आहे. आपले संविधान १९५० पासून एकच आहे, याचे मोल अशा वेळी कळते.

पण सगळे परदेशी सारखे नसतात, आणि येथेच खरी गोम आहे. पन्नाशी ओलांडलेला युरोपियन पेन्शनर बँकेत ८ लाख बाट दाखवतो आणि वर्षभराचा व्हिसा घेऊन समुद्राकाठी आरामात राहतो. दर ९० दिवसांची वर्दी त्याला कटकट वाटते, एवढेच. बँकॉकच्या पाहुरत भागात आपल्या पंजाबी, शीख व्यापाऱ्यांची कापडाची दुकाने आहेत, मोठा गुरुद्वारा आहे. हुजूर साहिबच्या सावलीत राहणाऱ्या नांदेडकरांना ते चित्र समजायला वेळ लागणार नाही. गोरखपूरकडून गेलेले लोक पूर्वी तेथे दूध विकत आणि पहारेकरी म्हणून राहत. त्यांची मुले-नातवंडे आता थाई बोलतात. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून जम बसवला आहे.

आणि तिसरा परदेशी म्हणजे ब्रह्मदेशाचा मजूर. थायलंडमधील परदेशी मजुरांत सर्वांत मोठी संख्या त्यांचीच आहे. मासळीच्या कारखान्यात, बांधकामावर, रबराच्या मळ्यात तो राबतो. तो बहुधा बौद्धच असतो. ज्या बुद्धाला थाई मालक वंदन करतो त्याच बुद्धाला तोही वंदन करतो, तोच थेरवाद, तीच पाली गाथा. तरी मजुराचे कार्ड संपले की तो बेकायदा ठरतो आणि पोलिसांना पाहून लपतो. याखेरीज ज्यांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही अशा सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांचा प्रश्न तेथे होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये थाई मंत्रिमंडळाने त्यांना कायम निवास आणि त्यांच्या मुलांना नागरिकत्व लवकर देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण इतकी माणसे इतकी वर्षे कागदाविना राहिली, हेही तितकेच खरे.

बंधू-भगिनींनो, मी थायलंडची निंदा करीत नाही. प्रत्येक देश आपल्या माणसांसाठी काही राखून ठेवतोच. आपल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीला 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हे शब्द चांगले ठाऊक होते. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी मुलकी असावे लागे, आणि बाहेरून आलेल्याला त्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. पण मुलकी असूनही आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला काय आले? त्याच गावात जन्मून ते गावकुसाबाहेर राहिले, पाणवठ्यावर परके ठरले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. नामविस्तार होण्यासाठी १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. परकेपणा म्हणजे काय हे ज्या समाजाने आपल्याच गावात भोगले, त्याने दुसऱ्या देशाकडे पाहताना तेथील मूर्ती किती उंच आहे एवढेच विचारू नये. तेथील परक्या माणसाला कसे वागवतात, हेही विचारावे.

उपासिकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. थायलंडच्या संघाने १९२८ मध्ये स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्खूंना मनाई केली. म्हणून धम्मानंदा या थाई विदुषींना श्रीलंकेत जाऊन २००३ मध्ये भिक्खुणीची उपसंपदा घ्यावी लागली. शिवाय थायलंडच्या संविधानानुसार भिक्खूंना मतदानाचा हक्क नाही आणि संघराजाची नेमणूक राजा करतो. शासनाने संघाला आश्रय दिला की शासनाचा हातही संघावर पडतो.

बाबासाहेबांनी बौद्ध देश पाहिले होते. १९५० मध्ये ते श्रीलंकेला गेले, १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी भिक्खू हा समाजाचा सेवक असावा की केवळ स्वतःपुरता पूर्ण पुरुष, हा रोखठोक प्रश्न विचारला. त्यांनी आपल्याला बुद्धाचा धम्म दिला, परंतु बौद्ध सरकार मागायला सांगितले नाही. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानातील कलम १४ आणि २१ पाहा. कायद्यापुढे समानता आणि जीविताचे संरक्षण हे हक्क केवळ नागरिकाला नाहीत, या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला आहेत. कलम २५ चे धर्मस्वातंत्र्यही तसेच. म्हणूनच ते थाई भिक्खू परभणीहून निर्धास्तपणे चालू शकले. जन्माने जपानी असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई नागपूरला आले, आपल्यातलेच झाले आणि पुढे भारताचे नागरिकही झाले. कलमे कागदावर आहेत आणि व्यवहारात त्यांची पायमल्ली होते, हे आपल्याइतके कोणाला माहीत? पण भांडायला हातात कलम आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा. तरुण मित्रांनी कान देऊन ऐकावे. बौद्ध देश आहे म्हणजे तेथे आपली फसवणूक होणार नाही, या भाबडेपणाचा फायदा दलाल घेऊ शकतात. "बँकॉकला कॉम्प्युटरवर काम, राहणे-जेवण फुकट" अशा जाहिराती मोबाइलवर येतात. पर्यटक म्हणून विमानाने बँकॉकला नेतात, तेथून गाडीने सरहद्दीवरील मे सोतला, आणि नदी ओलांडून ब्रह्मदेशातील म्यावाडी भागात. पासपोर्ट काढून घेतात आणि इंटरनेटवरून लोकांना लुबाडण्याचे काम मारहाण करून करवून घेतात. भारत सरकारने सप्टेंबर २०२२ मध्येच याबाबत इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणावे लागले. त्यात आपल्या महाराष्ट्रातील मुलेही होती.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. एक, पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही, मग तो प्रवेश व्हिसाशिवाय का मिळेना. दोन, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असा शिक्का असतो. अशांना नोकरीसाठी थायलंडला जाताना भारत सरकारची परवानगी लागते. तीन, परदेशी नोकरी लावणारा दलाल सरकारकडे नोंदलेला असला पाहिजे. त्याचे नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याला ३० हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. आईचे दागिने तारण ठेवून दोन-दोन लाख मागणाऱ्याच्या हातात देऊ नका. चार, आपले बँक खाते, पासबुक, एटीएम कार्ड कोणालाही वापरायला देऊ नका. फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरला तर पोलीस प्रथम तुमच्याच दारात येतात.

आपल्या संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास कागदपत्रे पाहण्यासाठी ठेवावा. परदेशी जाणाऱ्या मुलाचा करार कोणीतरी शिकलेल्या माणसाने वाचावा. त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची, कराराची झेरॉक्स विहारात ठेवावी आणि बँकॉकच्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर घरच्यांना लिहून द्यावा. यासाठी देणगी लागत नाही, दोन माणसांचा वेळ लागतो. मूर्तिदानाइतकेच हेही दान आहे.

थायलंडला जरूर जा. पिंडपात पाहा, वाट पाहा, त्यांची शिस्त आणि नम्रता घेऊन या. पण परतताना तेथील विहार झाडणाऱ्या एखाद्या ब्रह्मी मजुराचीही दोन शब्दांनी विचारपूस करा. बुद्धमूर्तीसमोर आपण दोघेही सारखेच वाकतो. कायद्यासमोरही माणूस सारखा उभा राहावा, यासाठी बाबासाहेब आयुष्यभर झटले. ते काम अजून कोठेच पुरे झालेले नाही, तेथेही नाही आणि येथेही नाही.



जय भीम! नमो बुद्धाय!