एका इंजिनाची गोष्ट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवेदिकेने मला ‘जुन्या आगगाड्या दुरुस्त करणारे’ म्हटलं. अनेकवचन चुकलं. मी आयुष्यात एकच गाडी दुरुस्त केली आणि तीही मीच बिघडवलेली.

1971 चं विज्ञान प्रदर्शन आठवतंय? आपण आठवीत होतो. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर सरांनी त्यांची आगगाडी मांडली होती. सरांचे मामा बोटीवर होते, त्यांनी ती विलायतेहून आणली होती. हॉर्नबी डब्लो, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची. काळं टँक इंजिन, सहा जोडलेली चाकं आणि मागे दोन लहान. बाहेरच्या दोन रुळांत अंतर फक्त साडेसोळा मिलिमीटर, आणि वीज घेण्यासाठी मध्ये तिसरा रूळ. उद्घाटनाला पाहुणे आले, सरांनी स्विच फिरवला आणि गाडी जागची हलली नाही. सर म्हणाले, “मोटर जळली असेल.” मग त्यांनी इंजिन हाताने ढकलत आपल्याला डब्यांची जोडणी दाखवली.

मोटर जळली नव्हती. आदल्या संध्याकाळी टेबलाची राखण माझ्याकडे होती. आत काय फिरतं ते बघायला मी इंजिन उघडलं. मोटरचा आर्मेचर बाहेर काढला, त्या गडबडीत कार्बनचा एक ब्रश उडाला. तो मिळेना, म्हणून तसंच सगळं बंद केलं. ब्रश दुसऱ्या दिवशी झाडताना बाकाखाली सापडला. तेव्हा सरांना द्यायला हवा होता. मी तो शाळेमागच्या विहिरीत टाकला. ती विहीर आता बुजवली आहे, वर सायकल स्टँड आहे, त्यामुळे कोणी शोधायला जाऊ नये.

गेल्या दिवाळीत सरांना भेटायला गेलो. घर आवरणं चाललं होतं. सरांनी ती पेटी माझ्या हातात ठेवली, “तू इंजिनिअर ना, बघ चालते का.” नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आता हिचे सुटे भाग आणायचे कुठून? डब्लो 1938 मध्ये बाजारात आली. 1964 मध्ये मेकॅनो दुसऱ्या खेळणी कंपनीने घेतली, तेव्हा डब्लोचं उत्पादन थांबलं. लिव्हरपूलचा कारखानाही 1979 मध्ये बंद झाला. मी सरळ तपकीर गल्लीत गेलो, मिक्सरचे ब्रश घेतले, पॉलिश पेपरवर घासून मापाचे केले. गाडी चार बोटं सरकली, ठिणग्या उडाल्या, थांबली. मिक्सरचा ब्रश घरच्या विजेच्या दाबासाठी असतो. बारा व्होल्टच्या मोटरला तो मानवत नाही, तिथे तांब्याची भुकटी मिसळलेला ब्रश बरा. बॉलपेनची स्प्रिंगही लावून पाहिली. ती इतकी कडक, की ब्रश कम्युटेटरला खरवडायला लागला. (घरी बायकोने सगळी बॉलपेनं लपवून ठेवली ती तेव्हापासून.)

शेवटी आपल्याच वर्गातली, सध्या इंग्लंडमध्ये असणारी मैत्रीण मदतीला आली. ती समोरच बसली आहे, पण नाव घेऊ नको म्हणाली. तिकडे डब्लोचे ब्रश, स्प्रिंगा आजही नव्याने करून विकणारे लोक आहेत, जुन्या खेळण्यांच्या बाजारात मोडक्या इंजिनांचे भागही मिळतात. ब्रश आले, स्प्रिंगा आल्या, मधल्या रुळावर घासणारं पातंही आलं. सगळं बसवलं. गाडी चालली, पण कशी? एकटं इंजिन रडतखडत, आणि एक डबा जोडला की उभं. मोटर मात्र हात लावू नये इतकी तापायची.

पंधरा दिवस डोकं खाजवलं. मग एकदम नववीचा तास आठवला. शाळेच्या पट्टीचुंबकांची लाकडी पेटी, आणि टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. सर सांगायचे, हे रक्षक काढून ठेवलेत तर चुंबक दुबळा होतो. मोटरमध्ये ते रक्षकाचं काम आर्मेचर करत असतो. तो मी काढला होता आणि चुंबक कितीतरी वेळ उघडा ठेवला होता. म्हणजे सरांनी तेव्हा नवा ब्रश आणला असता तरी गाडी डबे ओढू शकली नसती. विहिरीतल्या ब्रशचं मी इतकी वर्षं मनाला लावून घेतलं, आणि मोठं नुकसान कोणतं ते मला माहीतच नव्हतं.

चुंबक पार्सलने मागवायची गरज पडली नाही. नाना पेठेत एक म्हातारे मेकॅनिक भेटले, जुन्या स्कूटरचे फ्लायव्हील मॅग्नेट चार्ज करून देणारे. त्यांनी मोटर तळहातावर घेतली, विचारलं, “कोणत्या गाडीची?” मी म्हटलं, “आगगाडीची.” ते हसले नाहीत. आर्मेचर आतच ठेवून मोटर त्यांनी जाड कॉइलच्या दोन लोखंडी तोंडांमध्ये धरली, क्षणभर वीज सोडली. मी पैसे विचारले तर म्हणाले, चालली तर द्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दिले.

सर, त्या संध्याकाळी इंजिन मी उघडलं होतं. हे सांगायला मला त्रेपन्न वर्षं लागली.

व्यासपीठाखाली टेबलावर रूळ मांडले आहेत. तीन डबे जोडलेत. पुढे नीट जाते, मागे घेताना वळणावर अजून अडखळते, तिथे बोटाने थोडा टेकू द्यावा लागतो. तो मी देईन. सर, स्विच तुमच्या खुर्चीजवळ ठेवला आहे.