सिंधूचा त्याग आणि आपल्या टाळ्या



अध्यक्षपद देताना चालकांनी माझ्याकडून गोड बोलण्याची हमी लिहून घेतली नाही, या गफलतीचा मी पुरेपूर लाभ घेणार आहे. आताच एका विद्वान वक्त्यांनी नाटककार गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सिंधूला महाराष्ट्रीय कुलशीलाची मूर्ती ठरविले आणि सभागृहाने टाळ्यांचा गजर केला. त्या टाळ्यांविरुद्धच माझी फिर्याद आहे.

सिंधूचा नवरा सुधाकर याचा अधःपात दारूच्या प्याल्यापासून सुरू होतो असे आपण समजून चालतो. परंतु डोळे पाणावण्यापूर्वी ज्यांनी हे नाटक वाचले आहे, त्यांना ठाऊक आहे की भर कोर्टात मुन्सफाशी उडालेला खटका, त्यापायी काही काळ गेलेली सनद आणि त्या अपमानाने होरपळलेला वकिली ताठा हे आधी येतात, आणि दारुडा तळीराम प्याला पुढे करतो तो मागाहून. तोच ताठा पत्नीच्या अंगी येतो, तेव्हा मात्र आपण त्याला त्याग म्हणून ओवाळतो! माहेरी संपत्ती आहे, भाऊ पद्माकर पाठीशी आहे, आणि ही साध्वी नवऱ्याच्या घराची पत राखण्यासाठी ते सारे नाकारून लोकांची दळणे दळते. दळो बापडी, स्वतःची हाडे झिजविण्याचा तिचा अधिकार मी अमान्य करीत नाही. पण त्या घरातल्या तान्ह्या मुलाची संमती कोणी घेतली होती? कुळाच्या अब्रूच्या खतावणीत सिंधूचे पुण्य जमेस धरणारे आपण, बापाच्या हातून मेलेले ते पोर कोणत्या खाती मांडतो?

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. पदेदेखील गडकऱ्यांची नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची. बालगंधर्वांच्या सिंधूपुढे प्रेक्षागृह कसे विरघळले, हे पाहणे नाटककाराच्या नशिबी नव्हते, आणि एका अर्थी ते बरेच झाले. त्या अलौकिक गळ्याने दारिद्र्य इतके मधुर केले की त्याची चीड येणेच थांबले. दोष गळ्याचा नव्हे, आपल्या कानांचा.

गडकऱ्यांनी दुसरी साक्षही नोंदवून ठेविली आहे. तळीरामाची बायको गीता फटकळ आहे, तिच्या तोंडी संस्कृत सुभाषिते नाहीत, आणि दारुड्या नवऱ्याला देव मानण्याची तिची तयारी तर मुळीच नाही. एकाच नाटकात, एकाच व्यसनाने गांजलेल्या दोन स्त्रिया गडकऱ्यांसारखा कसबी नाटककार उगाच उभ्या करीत नाही. गीतेला आपण हसून वाटेला लाविले, हा आपल्या रसिकतेवरचा डाग आहे.

म्हणून येथे जमलेल्या हौशी मंडळ्यांना माझे सांगणे एवढेच: हे नाटक पुन्हा कराल तेव्हा गीतेची भूमिका आपल्या सर्वांत समर्थ नटीला द्या, आणि तिच्या भाषणातला एक शब्दही गाळू नका.